वाड्यातल्या तीन जुन्या बंदुका आणि डबाभर काडतुसं: भरून वाजवायची की जतन करायची?

पारोळेकर
बठ्ठासले राम राम. पारोळ्याजवळच्या एका वाड्याच्या माडीवर तीन बंदुका आणि पत्र्याचा एक डबा निघालाय. माहिती अशी:

१) तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची बंदूक. लांब नळी, तोंडाशी पितळी कडी, नळी दांड्याला कातड्याच्या वादीने बांधलेली. कानाजवळ, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकाजवळ, पितळी पेला, त्यावर सरकतं झाकण.
२) टोपीची, म्हणजे स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडवायची बंदूक. चापाच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर' आणि १८५९. नळी आतून गुळगुळीत, तोंडाशी कॅलिपरने १६.६ मिलिमीटर.
३) तिसरी दुसरीसारखीच दिसते, पण नळीच्या मागच्या टोकाला एक ठोकळा आहे, तो उजवीकडे उलगडतो. आत तीन पिळदार खाचा.

डब्यात १४ काडतुसं. पितळी पत्र्याची गुंडाळी, वर कागद, बूड लोखंडी आणि गंजलेलं. काहींच्या शिशावर पांढरी भुकटी आलीय.

गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात लावायचा विचार आहे. शिवाय दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी एखाद-दोन बार काढावेत, असा मंडळींचा आग्रह आहे. जुनी काडतुसं नव्याने भरता येतात असं ऐकलं. कसं करायचं?

तापीकाठ
भाऊ, दसरा नंतर पाहू. आधी एक सांगा, दोन नंबरची बंदूक भरलेली आहे की रिकामी?

ठासणीची, म्हणजे तोंडातून भरायची, बंदूक उघडून बघता येत नाही, आणि वाड्यातून निघालेली बंदूक भरलेलीच निघते असं धरून चालायचं. काळी दारू, म्हणजे जुन्या बंदुकांची सोरा-गंधक-कोळशाची दारू, शिळी होत नाही. कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही तितक्याच जोराने पेटते. निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीवर, जुनी टोपी बसलेली असेल तर घोडा नुसता हातातून निसटला तरी पुरे.

तपासायची रीत. बंदूक जमिनीवर आडवी ठेवा, तोंड मातीच्या भिंतीकडे. नळीच्या तोंडासमोर कोणी नको, आणि स्वतःही बाजूला बसा. ८ ते १० मिलिमीटर जाडीची गोल, गुळगुळीत लाकडी दांडी घ्या. लोखंडी गज नको, ठिणगी पडते. बांबूही नको, चिरफळी आत अडकली की दुसरंच काम वाढतं. दांडी हळू आत सोडा, जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलने खूण करा, बाहेर काढा आणि नळीवर बाहेरून धरा. दांडीचं टोक निपलच्या किंवा कानाच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे.

दांडी ठोकायची नाही. थांबली की थांबली.

तोड्याच्या बंदुकीत मात्र फसगत होते. आपल्याकडच्या काही जुन्या नळ्यांत तळाशी दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद केलेली असते. जाड दांडी त्या कोठीच्या तोंडावर अडते आणि रिकामी नळी भरलेली वाटते. म्हणून तिथे ५ मिलिमीटरच्या बारीक दांडीने पुन्हा मोजा. दोन्ही दांड्या एकाच जागी थांबल्या तर ते काळजीचं.

पारोळेकर
मोजलं. तोड्याच्या बंदुकीत जाड दांडी ६ सेंटिमीटर अलीकडे थांबते, बारीक दांडी थेट कानापर्यंत जाते. टोपीच्या बंदुकीची नळी बाहेरून ९९ सेंटिमीटर, दांडी ९१.५ वर थांबते, बारीकही तिथेच. निपलवर टोपी नाही. तिसरीचा ठोकळा उघडला, नळी आरपार दिसते.

तापीकाठ
म्हणजे पहिली रिकामी आणि तिच्या तळाशी अरुंद कोठी आहे. तिसरी रिकामी. दुसरी भरलेली आहे असंच धरा.

हिशोब असा. तळाच्या बुचाचा सेंटिमीटरभर सोडला तरी साडेसहा सेंटिमीटर जागा कशाने तरी व्यापलीय. त्या काळच्या लष्करी बंदुकीत साधारण ७० ग्रेन दारू, म्हणजे साडेचार ग्रॅम. एवढी दारू १६.६ च्या नळीत दोन-सव्वादोन सेंटिमीटर उंच बसते. वर १६ मिलिमीटरची गोळी, कागद किंवा चिंध्या. गोळीऐवजी छर्रे असतील तर अजून वर येतं. साडेसहा हे नुसत्या कचऱ्याचं माप नाही.

आता ती बंदूक जिथे आहे तिथेच राहू द्या. मोटारसायकलवर टाकून पोलीस ठाण्यात नेऊ नका. फोटो आणि लेखी अर्ज घेऊन तुम्ही जा.

वकील_धुळे
कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे बहुतेकांचा एक ठाम गैरसमज आहे की 'जुनी आहे, म्हणजे परवाना लागत नाही'.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ४५ (क) वाचा. जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडकळीला आलेल्या शस्त्राला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसावं. तुमची दुसरी बंदूक भरलेली आहे आणि तिसरीचा ठोकळा चालतो. त्या या सुटीत बसतात हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही.

वाड्यातल्या कोणाच्या नावे जुना परवाना होता का, ते कागदांत शोधा. परवानाधारक वारला असेल तर वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. कोणाच्याच नावे नसेल तर कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि पुढचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. वाचनालयात मांडायची परवानगीही तिथूनच मिळेल.

काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं. त्याला कलम ५ चा परवाना लागतो, बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. काळी दारू बाळगायला स्फोटक कायद्याचे नियम वेगळे, त्याचं मुख्य कार्यालय नागपूरला. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे परदेशातल्या कोणा संग्राहकाने पैसे दाखवले तरी खासगीरीत्या बाहेर पाठवता येत नाही.

सातपुडा_वारा
एवढा कागदोपत्री घोळ कशाला? डोंगराकडच्या पट्ट्यात पूर्वी शेतराखणीला ठासणीच्या बंदुका सर्रास असायच्या. फटाक्याची दारू, वर कापूस, झाला बार. गोळी नाही म्हटल्यावर धोका काय?

तापीकाठ
भाऊ, हे वाचून कोणी करून बसेल म्हणून सविस्तर लिहितो.

काळी दारू आणि फटाक्याची दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सुतळी बॉम्बसारख्या आवाजाच्या फटाक्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती जळत जात नाही, एकदम फुटते. काळी दारू दाण्यादाण्याने पेटत जाते, गोळी पुढे सरकते तसतशी तिला जागा मिळते आणि दाब एका मर्यादेत राहतो. त्या मर्यादेच्या हिशोबानेच ही नळी घडवलेली आहे. आवाजाच्या दारूला ही सवलत नाही. गोळी नसली तरी ठासलेला कापूस क्षणभर बुचासारखाच वागतो.

हल्लीच्या बिनधुराच्या दारूचंही तेच. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर दाब कित्येक पट होतो. त्या काळच्या नळ्या मऊ लोखंडाच्या, पट्टी गुंडाळून किंवा पत्रा वळवून जोडलेल्या. सांधा आतून कुठे गंजलाय ते बाहेरून कळत नाही. नळी फाटते ती बहुधा मागच्या वीतभरात, म्हणजे जिथे डावा हात धरलेला असतो तिथेच.

नुसत्या काळ्या दारूने सुद्धा एक चूक जीवघेणी आहे: गोळी आणि दारू यांच्यात मोकळी जागा राहणं. ठासताना गोळी अर्ध्यात अडकली आणि तशीच उडवली की नळीला त्या जागी फुगवटा येतो. जुन्या नळीवरून अंगठा फिरवत जा, कडं असल्यासारखा उंचवटा लागला तर ती नळी कधीतरी असं सोसून बसलेली आहे.

जुनी_पेटी
वस्तुसंग्रहाच्या बाजूने लिहिते. पारोळेकर दादा, अजून काही पुसलं-घासलं नसेल तर देव पावला. कृपया चिंच, लिंबू, पितांबरी, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. पितळी समईची सवय बंदुकीला चालत नाही. तोड्याच्या बंदुकीच्या नळीवर सोन्या-चांदीचं कोफ्तगिरीचं काम असेल तर ते कागदापेक्षा पातळ असतं. चिंचेच्या एका हातात जातं आणि परत येत नाही.

दुसऱ्या बंदुकीला पोलिसांचा आर्मोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) येईपर्यंत हात नको. बाकी दोन्हींचं काम परवानगी झाली की सुरू करता येईल, ते पुढे लिहिते. आधी काडतुसांबद्दल कोणीतरी बोला, मला त्यांची जास्त काळजी वाटते.

आटेमोजणी
काडतुसं स्नायडर बंदुकीची, बॉक्सर नावाच्या बनावटीची. पितळी पत्र्याची गुंडाळी, कागद आणि लोखंडी बूड हे वर्णन तिच्याशी जुळतं. तिसरी बंदूकही स्नायडरच.

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड ही ब्रिटिश लष्करी बंदूक तोंडातून भरायची. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या युक्तीने तिच्या मागच्या बाजूचे अडीच इंच कापून उलगडणारा ठोकळा बसवला, आणि १८६६ पासून ती ब्रिटिश फौजेत आली. नळी ३६.५ इंच, तीन आटे (त्याच पिळदार खाचा), पीळ ७८ इंचात एक फेरा. भाऊ, तुमच्या ठोकळ्याला डावीकडे दाबायची खिट्टी आहे का? आणि नळीवर 'स्टील' असा शिक्का?

पारोळेकर
खिट्टी नाही. शिक्काही दिसत नाही. ठोकळा नुसता अंगठ्याने उचलला की उघडतो.

आटेमोजणी
मग मार्क तीनच्या, म्हणजे स्नायडरच्या तिसऱ्या सुधारित आवृत्तीच्या, आधीची, लोखंडी नळीची. मार्क तीनला कुलूपखिट्टी आणि पोलादी नळी आली. तुमच्या बंदुकीत ठोकळा फक्त स्प्रिंगच्या टेकूवर आणि घोड्याच्या दाबावर बसतो. काडतुसाचं बूड फाटलं तर ठोकळा उजवीकडे उघडू शकतो. दसऱ्याच्या बाराला माझ्याकडून एवढंच उत्तर.

आता नव्याने भरण्याचा प्रश्न. परदेशात जिथे परवानगी आहे तिथे लोक स्नायडरसाठी २४ गेजच्या पितळी काडतुसाची नळी दोन इंचांवर कापून वापरतात. तीच नळी साच्यातून टप्प्याटप्प्याने दाबून मार्टिनी-हेन्रीची (स्नायडरनंतर ब्रिटिश फौजेत आलेली बंदूक) बाटलीच्या आकाराची नळीही होते. ऐकायला सोपं, पण त्यातली निम्मी मेहनत मोजमापात जाते, कारण हाताने घडवलेल्या दोन स्नायडरच्या कोठ्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, सारख्या नसतात. बूड सैल बसलं तर पितळ मागून फाटतं. गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर वायू बाजूने निसटून आटे शिशाने भरतात. स्नायडरची गोळी म्हणूनच मऊ शिशाची आणि मागून पोकळ, पोकळीत मातीचं किंवा लाकडाचं बूच, म्हणजे उडताना बुडाचा घेर फुगून आट्यांत बसतो. मार्टिनीत हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली: १२ भाग शिसं, १ भाग कथील, गोळीला कागदाचं वेष्टन, आणि दारू व गोळी यांच्यात मेणाची चकती. ती चकती दर बाराला नळीतली राख मऊ करते.

मूळ मापं: स्नायडरला ७० ग्रेन दारू, ४८० ग्रेन गोळी. मार्टिनीला ८५ ग्रेन दारू, गोळी तितकीच. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे गोळी पावणेतीन तोळ्यांना थोडी कमी. जळगावच्या कुठल्याही सराफाचा काटा हे वजन ग्रॅमच्या अंशापर्यंत सांगेल: ३१.१ ग्रॅम. पण वजन करायला म्हणून डब्यातलं काडतूस घेऊन जाऊ नका, म्हणजे झालं.

वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीत ५.५६ मिलिमीटरची काडतुसं बनतात, तुमच्या .५७७ इंची स्नायडरसाठी कोणी साचा लावणार नाही. त्यामुळे भरण्याचा नाद सोडा आणि नमुना काडतुसं बनवा. काचेमागे दोन्ही सारखीच दिसतात.

तापीकाठ
डब्यातल्या १४ नगांबद्दल. त्यांच्या बुडातल्या टोपीत पाऱ्याचं फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असतं. आपटणं, घासणं, गरम होणं, तिन्हीला ते दाद देतं. बूड गंजून फुगलंय, म्हणजे टोपीवर आधीच ताण आहे. पकडीने गोळी ओढणं, करवतीने कापणं, 'दारू काढून टाकू' म्हणून पत्रा उलगडणं, यातलं काहीही करायचं नाही. डबा हलवूही नका. वर ओलं गोणपाट टाका, खोलीला कुलूप लावा आणि अर्जात काडतुसांचा वेगळा उल्लेख करा. जिल्हा पोलिसांकडे बॉम्बशोधक व नाशक पथक असतं, हे काम त्यांचं.

जुनी_पेटी
ओल्या गोणपाटाला माझा विरोध! ओल थेट लोखंडी बुडाला भिडेल. कोरडी जाड चादर आणि उन्हापासून दूर, बस.

तापीकाठ
ताई, बरोबर. कोरडीच चादर. माझी चूक.

जुनी_पेटी
आणि दादा, ती खोली गोठ्याला लागून आहे का? विचारण्याचं कारण आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांची पितळं आपोआप तडकायची. जनावरांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळाला चिरा जातात. १९२१ मध्ये याचा शास्त्रीय उलगडा झाला. खानदेशातल्या वाड्यात खाली गोठा, वर माडी ही रचना सगळीकडे आहे. पितळी पेला, कडी, चापाची रिंग यांनाही हाच धोका.

शिशावरची पांढरी भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट. बंद लाकडी पेटीत लाकडातून निघणाऱ्या सिरक्यासारख्या आम्लाने ती तयार होते. विषारी आहे. फुंकर मारू नका, हातमोजे घाला, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. वाचनालयाचं कपाट प्लायवूडचं किंवा एमडीएफचं असेल तर तोच प्रकार तिथेही होईल. लोखंडी चौकट आणि काच घ्या, तळाला धुतलेलं मांजरपाट अंथरा.

पारोळेकर
गोठा खालीच होता, आता तिथे ट्रॅक्टर असतो. अर्ज आज दिला. साहेब म्हणाले, आर्मोरर आणि पथक एकाच फेरीत येतील. तो भरलेला बार ते कसा काढतात? उडवूनच काढत असतील ना?

तापीकाठ
जाणता माणूस उडवत नाही. तापवत नाही, ड्रिलही लावत नाही.

आधी पाणी. काळ्या दारूत तीन चतुर्थांश सोरा असतो आणि सोरा पाण्यात विरघळतो. तोंडातून ओतलेलं पाणी गोळीपाशीच अडतं, कारण गोळीभोवती जुनी चरबी घट्ट झालेली असते. म्हणून बिनसुईच्या सिरिंजने निपलच्या भोकातून कोमट पाणी भरतात, नळी तोंड वर करून ठेवतात, दिवसभराने पुन्हा भरतात. निपल कोरडं असताना पान्याने फिरवायचं नाही, आट्यांत अडकलेली दारू घासली जाते.

मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावून ते शिशात फिरवतात आणि गोळी ओढून काढतात. इथे घाईत होणारी चूक म्हणजे पाणी पोचायच्या आधीच मळसूत्र दाबणं. ते दाबताना गोळी खाली सरकते आणि कोरडी दारू चिरडली जाते. छर्रे असतील तर आधी वरची चिंधी निघते, मग बंदूक उलटी केली की छर्रे आपोआप पडतात.

निघालेला काळा चिखल बादलीभर पाण्यात टाकायचा. वाळवून पुडीत 'आठवण' म्हणून ठेवायचा नाही.

पारोळेकर
पथक येऊन गेलं. काडतुसं घेऊन गेले, पंचनामा झाला. दुसऱ्या बंदुकीतून एक गोळी, नऊ छर्रे आणि चिंध्यांचा बोळा निघाला. दारू ओली करूनच काढली. परवानगीचा निर्णय होईपर्यंत तिन्ही बंदुका ठाण्यात जमा आहेत, पण साफसफाई करून ठेवायला आर्मोररसमोर बसू देतील म्हणाले. ताई, आता सांगा.

आटेमोजणी
गोळी आणि छर्रे एकत्र, म्हणजे लष्करी भरणी नव्हे, शिकारीची किंवा राखणीची. आणि बंदूक बघा: १८५९, टॉवर, गुळगुळीत, १६.६. ही १८५८ च्या नमुन्याची. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती लांब पल्ल्याची आटेवाली एनफिल्ड द्यायला सरकार कचरू लागलं. म्हणून बाहेरून एनफिल्डच, पण नळी .६५६ इंचाची गुळगुळीत. नेम धरायची मागची साइट बघा, उंच करता येणाऱ्या पट्टीऐवजी साधा खाचेचा ठोकळा असेल. वाचनालयाच्या पाटीवर हे लिहाच. खानदेशात धरणगावचं भिल्ल कोअर (भिल्लांची पलटण) १८२५ चं आहे, त्यामुळे कोणी लगेच ते उभं करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव घेऊन 'ही औट्रमची बंदूक' म्हणेल. पट्टीवर १८५९ असताना ते शक्य नाही.

जुनी_पेटी
आता सफाई. दोन वेगळी कामं आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिलं, नळीच्या आतली राख. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे राहतो, आणि ते पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात. त्यावर तेल मारलं तर तेलाखाली गंज चालूच राहतो. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून दुसऱ्या बंदुकीची नळी आधी कोमट पाण्याने, मांजरपाटाचे ४ सेंटिमीटरचे चौकोन गजाला लावून, चौकोन पांढरा निघेपर्यंत. नंतर कोरडे चौकोन, मग स्पिरिटचा एक, मग हलक्या मशीन तेलाचा. नळी तोंड खाली करून रात्रभर ठेवा, नाहीतर जादा तेल मागे उतरून दांड्यात मुरतं आणि लाकूड काळं, पोकळ होतं. आठवड्याने परत एक पांढरा चौकोन फिरवा. तांबूस निघाला तर पाण्यापासून पुन्हा सुरू.

पाणी लाकडाला लागू द्यायचं नाही. नळी वेगळी करता आली तर उत्तम, पण तोड्याच्या बंदुकीची कातडी वादी सोडू नका. वाळलेलं चामडं उलगडताना तुटतं. तिची नळी रिकामी आणि कोरडी आहे, तिथे फक्त स्पिरिट आणि तेल.

दुसरं, बाहेरचा गंज. तपकिरी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर हा वयाचा रंग आहे, तो ठेवायचा. भगवा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज तेवढा काढायचा. त्या जागी रॉकेल किंवा पातळ तेल लावून २४ तास ठेवा, मग तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेने हळू खरवडा. चार शून्यांची (अगदी बारीक) स्टील वूल फक्त तेलासोबत, आणि शिक्क्यांवर अजिबात नाही. सोन्या-चांदीच्या कामावर तर फक्त कापसाची काडी.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. मिळालं नाही तर मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, उघड्या विस्तवापासून दूर. लाकडाला जवसाचं तेल लावायचा मोह आवरा. दरवर्षीच्या हातांनी ते चिकट, काळं होतं. शिवाय जवसाच्या तेलाचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर आपोआप पेट घेतो, तो पाण्यात बुडवूनच टाका.

सातपुडा_वारा
ताई, फटाक्याच्या दारूचं माझं म्हणणं मागे घेतो. एक विचारू? पूजेला हळद-कुंकू, झेंडू, नारळाचं पाणी हे सगळं नळीवरच पडतं. ते चालेल?

जुनी_पेटी
पूजा बंदुकीची करा, पण ओलं नळीवर नको. बंदूक पाटावर, खाली कापड, हळद-कुंकू पाटावर, फुलं शेजारी. ओला झेंडू रात्रभर लोखंडावर राहिला की सकाळी त्याचा ठसा गंजाने उमटलेला असतो. नारळ दुसऱ्या खोलीत फोडा.

खरादी_भुसावळ
नमुना काडतुसांचं काम माझ्या लेथचं आहे म्हणून लिहितो. परवानगी हातात आल्याशिवाय तेही करू नका. पोकळ पितळी नळी घेऊच नका, भरीव दांडी घ्या. भरीव वस्तूत दारू बसत नाही आणि तपासणाऱ्यालाही एका नजरेत कळतं.

पितळेची २० मिलिमीटर दांडी. स्नायडरची मापं साधारण अशी: बुडाची कड १९ मिलिमीटर, जाडी १.३. कडेच्या वर १६.८, तोंडाकडे उतरत १५.३. पितळी भाग ५०.८, गोळीसकट एकूण ६२. गोळी सागवानाची वळवा, व्यास १४.५, टोक बोथट गोल, वरून पेन्सिलीच्या शिशाची भुकटी चोळा, हुबेहूब शिशासारखी दिसते. खरं शिसं नको, ताईंनी सांगितलेली पांढरी भुकटी परत येईल.

लोक इथे दोन चुका करतात. टेपर (उतार) लेथच्या कोनात फिरणाऱ्या कम्पाउंड स्लाइडने द्यायचा तो टूल कलवून देतात, मग पायरी दिसते. आणि बुडाला टोपीसारखी पितळी चकती चिकटवतात, ती करू नका. तिथे ५ मिलिमीटरचं आंधळं भोक पाडून रिकामं ठेवा. अंगाला आडवं ४ मिलिमीटरचं आरपार भोक, आणि बाजूला 'नमुना' असं पंचाने ठोका. मूळ काडतूस कागदात गुंडाळलेलं असायचं, पण दोन-तीनला कागद लावा आणि एक उघडं ठेवा.

आटेमोजणी
कोठीत बसवून बघायचं असेल तर आधी कोठीचा ठसा घ्या. जुन्या पुस्तकी रीतीत वितळलेला गंधक ओततात. तो नको, उरलेला गंधक लोखंड खातो. दंतवैद्याकडचं दोन नळ्यांचं ॲडिशन सिलिकॉन मिळतं, ते आकसत नाही. कोठीला तेलाचा पातळ हात, कोठीच्या पुढे नळीत कापसाचा घट्ट बोळा, मागून सिलिकॉन, पाच मिनिटांनी गजाने पुढून हलकेच ढकला. आकसणारं स्वस्त सिलिकॉन घेतलंत तर दहावा भाग मिलिमीटरचा फरक पडतो, आणि नमुना कोठीत अडकून बसतो.

पारोळेकर
हे सगळं छापून घेतलं. कपाटासाठी शेवटचा प्रश्न: आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि श्रावणात भिंतींना बुरशी. सिलिका जेल किती आणि कधी?

जुनी_पेटी
कपाटात आर्द्रता ४५ ते ५० टक्के धरा. लोखंडाला अजून कमी आवडेल, पण लाकूड चिरतं. म्हणून उन्हाळ्यात जेल काढून टाका. मे महिन्यात खानदेशची हवा आधीच इतकी कोरडी असते की जेल ठेवलं तर दांड्याला नळीच्या कडेने चीर जाते. मृगाचे ढग दिसले की जेल आत ठेवायचं. रंग बदलणारं घ्या, पण निळं नको, त्यात कोबाल्ट असतो, नारिंगी घ्या. रंग उडाला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. शेजारी साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

पारोळेकर
पश्चिमेचीच भिंत मोकळी होती. पुस्तकांचं कपाट तिकडे सरकवतो.